तीन हजार पानांची जबाबदार व्यक्ती

"एकवीस दिवसांत विद्यापीठाची वेबसाइट निम्मी करून दाखवते," असं वेबबाई भर बैठकीत म्हणाल्या आणि समोरच्या ग्लासातलं पाणी सावकाश प्यायल्या.

बैठक नव्या सिस्टीमची होती. फाइलवर तिचं नाव 'मजकूर व्यवस्थापन प्रणाली निवड समिती' असं होतं, पण एवढं बोलेपर्यंत चहा निवतो म्हणून सगळे नव्या सिस्टीमची समिती म्हणत. काम तसं सरळ होतं. विद्यापीठाची वेबसाइट ज्या सिस्टीमवर चालत होती ती एकोणीस वर्षांची झाली होती. तिच्यात एक स्वल्पविराम बदलायचा तर चार मिनिटं लागत. फोटो चढवला की माणूस कितीही सडपातळ असो, त्याचं तोंड आडव्या भोपळ्यासारखं होई. ती काढून नवी आणायची, एवढंच ठरवायचं होतं. अकरा सदस्य चौदा महिने ते ठरवत होते.

बाजारातल्या तीन सिस्टीम निवडून ठेवल्या होत्या: एक मोठी, एक मधली आणि एक लहान. चौथी संगणक विभागाच्या प्राध्यापकांनी स्वतः तयार केलेली होती, आणि तिच्याविषयी ते बोलायला लागले की लोक आपापल्या लेकरांविषयी बोलतात तसे हळवे होत. घोडं अडलं होतं ते दुसरीकडेच. तिन्ही कंपन्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की तुमच्या वेबसाइटवर पानं किती, कोणत्या प्रकारची आणि ती सांभाळतं कोण. कुलसचिव म्हणाले होते, असतील पाचशे. प्राध्यापक म्हणाले होते, दहा हजार. मोजायला कुणी तयार नव्हतं, आणि न मोजता निवडायचं म्हणजे माप न घेता शिंप्याकडे कापड टाकण्यासारखं होतं.

वेबबाई या विद्यापीठाच्या वेबसाइट विभागाच्या प्रभारी. विभाग म्हणजे त्या, दोन टेबलं आणि एक कपाट. दुसऱ्या टेबलावरचे गृहस्थ बदली घेऊन गेले त्यालाही आता बराच काळ लोटला होता, पण त्यांचं टेबल मात्र इमानाने टिकून होतं. प्रभारी म्हणजे खरा प्रमुख नेमेपर्यंत काम बघणारी व्यक्ती. वेबबाईंना ते काम बघता बघता सात वर्षं झाली होती.

म्हणून कुलसचिवांनी जेव्हा चष्म्यावरून बघत विचारलं की हे नक्की जमेल ना, तेव्हा वेबबाईंनी पाणी संपवून मान हलवली. कुलसचिव मोजकं बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "जमलं तर तुमच्यापुढचं 'प्रभारी' काढायचा ठराव मी स्वतः मांडतो. नाही जमलं तर हे काम बाहेरच्या कंपनीला जाईल आणि तुमचा विभाग स्टोअरला जोडला जाईल." स्टोअर म्हणजे जिथे मोडक्या खुर्च्या ठेवत ती जागा.

वेबबाईंची योजना मात्र खरोखर चांगली होती, हे मान्य करायला हवं. वेबसाइटवरच्या प्रत्येक पानाला एक 'जबाबदार व्यक्ती' नेमलेली असे. तो रकाना भरल्याशिवाय जुनी सिस्टीम पान जतनच करू देत नसे. वेबबाईंनी ठरवलं, प्रत्येक पानाच्या जबाबदार व्यक्तीला मेल जाईल. मेलमध्ये दोन बटणं असतील, 'हवं' आणि 'नको', आणि खाली कारण लिहायला एक चौकट. 'हवं' म्हटलं तर पान नव्या सिस्टीममध्ये येईल. 'नको' म्हटलं तर त्याच दिवशी संध्याकाळी आपोआप उतरवलं जाईल. एकवीस दिवसांत उत्तरच आलं नाही, तर पान बेवारस समजून टाकून दिलं जाईल. हे आपोआपचं काम त्यांनी स्वतः खपून बसवलं होतं. एका सोमवारी सकाळी दहा वाजता त्यांनी बटण दाबलं आणि चार हजार एकशे सहा मेल रवाना झाले.

त्यांची अपेक्षा अशी होती की पहिले आठ दिवस कुणी ढुंकूनही बघणार नाही, मग स्मरणपत्रं, मग फोन, मग हातापाया पडणं. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी एकशे चाळीस उत्तरं आली. दुसऱ्या दिवशी दीडशे. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आकडा जरा थबकला, पण मग पुन्हा जोरात सुरू झाला आणि त्यानंतर वेग घटलाच नाही: रोज दीडशेच्या वर, रविवारीसुद्धा. वेबबाईंच्या पडद्यावर फक्त एकूण आकडा दिसे. आत शिरून कुणी काय लिहिलंय ते बघता आलं असतं, पण त्यांनी ठरवलं होतं की सगळं एकदम शेवटीच बघायचं. खरी गोष्ट अशी की वर चढणारा आकडा बघत बसण्यात फार सुख असतं, आणि सात वर्षांत त्यांच्या वाट्याला ते आलं नव्हतं.

आठवड्याच्या बैठकीत कुलसचिवांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं. विद्यापीठाच्या इतिहासात इतक्या लोकांनी इतक्या तत्परतेने पत्राला उत्तर दिल्याचा दाखला नाही, असं ते म्हणाले. हे कसं साधलं, असं ग्रंथपालांनी विचारलं. वेबबाईंनी जरा लाजत सांगितलं की मेलची भाषा महत्त्वाची असते, माणसाला हुकूम केला की तो आडमुठेपणा करतो आणि विश्वास टाकला की तो उभा राहतो. दोन सदस्यांनी हे वहीत उतरवून घेतलं.

घरी त्याच सुमारास वेगळंच काहीतरी चाललं होतं.

वेबबाईंचे सासरे, ज्यांना त्या बाबा म्हणत, याच विद्यापीठात चौतीस वर्षं होते. गोपनीय शाखेत मुख्य टंकलेखक होते ते. प्रश्नपत्रिका त्यांच्या हातून टाइप होत, त्यामुळे तोंडाला कुलूप लावून जगण्याची त्यांना सवय झाली होती, आणि निवृत्तीला तेरा वर्षं झाली तरी ते कुलूप निघालं नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांचा दिवस खिडकीपाशी सुरू होई आणि तिथेच संपे. वर्तमानपत्र अगदी मुद्रकाच्या नावापर्यंत वाचायचं, त्यातल्या चुका पेन्सिलने दुरुस्त करायच्या आणि दुरुस्त केलेला अंक नीट घडी घालून रद्दीत ठेवायचा. दुरुस्त्या कुणी बघत नाही याचं त्यांना वाईट वाटत असणार, पण तेही ते कधी बोलले नाहीत.

आणि अचानक एका सोमवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. अकराच्या ठोक्याला ते मागच्या खोलीत गेले, जुन्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि दार लोटून घेतलं. एक वाजता जेवायला आले, दोनला परत गेले, साडेपाचला बाहेर आले. दुसऱ्या दिवशीही तेच. सासूबाईंनी काय चाललंय म्हणून विचारलं तर म्हणाले, "गोपनीय आहे." सासूबाई गप्प बसल्या. हा शब्द त्यांच्या संसारात उंबऱ्यासारखा होता, तो ओलांडायची त्यांना सवय नव्हती. पण सुनेपाशी मात्र त्यांनी काळजी बोलून दाखवली. यांना या वयात कुणी नोकरी तर दिली नसेल ना, असं त्या म्हणाल्या. वेबबाईंचा नवरा औषधकंपनीच्या कामाने महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असे, त्यामुळे काळजी करायला घरात या दोघीच होत्या. वेबबाई म्हणाल्या, आठवणी लिहीत असतील, लिहू द्या. त्यांचं अर्धं चित्त त्या आकड्यात होतं.

जेवताना बाबा अधूनमधून विचित्र प्रश्न विचारत. पोहण्याचा तलाव अजून बंदच आहे का? वनस्पतिशास्त्राच्या रोपवाटिकेचा फोन हल्ली कुणी उचलत नाही का? वेबबाईंनी सांगितलं की तलाव बंद होऊन नऊ वर्षं झाली आणि रोपवाटिकेच्या जागी आता वाहनतळ आहे. बाबांनी गंभीरपणे मान हलवली आणि ताटाकडे वळले.

एकोणिसाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, पहिला फोन कुलगुरूंच्या कार्यालयातून आला. कुलगुरूंचा संदेश वेबसाइटवरून नाहीसा झाला होता. बाहेरून आलेले पाहुणे तो शोधत होते आणि त्या जागी 'हे पान उतरवले आहे' एवढंच दिसत होतं. दुसरा फोन संगणकाच्या प्राध्यापकांचा. त्यांच्या पुरस्कारांचं पान गेलं होतं. ते एवढे चिडले होते की त्यांनी नमस्कारही केला नाही. मग वसतिगृह, मग क्रीडा विभाग, मग परीक्षा विभाग. दुपारपर्यंत वेबबाईंनी फोन मोजायचं सोडून दिलं.

त्यांनी पहिल्यांदाच आतली नोंद उघडली. कुलगुरूंच्या संदेशापुढे 'नको' असं होतं आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं होतं: 'सदर संदेश दोन कुलगुरूंपूर्वीचा असून फक्त खालील सही व फोटो बदलण्यात आलेला आहे. मजकुरात ज्या इमारतीचे भूमिपूजन लवकरच होणार असे म्हटले आहे, ती बांधून गळू लागली आहे.' प्राध्यापकांच्या पानापुढे होतं: 'पाच पुरस्कारांपैकी तीन एकच आहेत. तारखा पडताळाव्यात.' परीक्षा विभागाच्या एका पानापुढे होतं: 'पहिल्या वाक्याला कर्ता नाही. दुरुस्त करून पुन्हा सादर करावे.'

वेबबाईंना ही भाषा कुठेतरी ऐकल्यासारखी वाटली. त्यांनी जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात बघितलं. तिथे त्यांचंच आडनाव होतं.

त्यांनी पडदा खाली सरकवला. पुढच्या ओळीत तेच नाव. त्याच्या पुढच्या ओळीत तेच. त्या सरकवत राहिल्या आणि नाव काही बदलेना. चार हजार एकशे सहा पानांपैकी तीन हजार तीनशे बारा पानांची जबाबदार व्यक्ती एकच होती, आणि ती त्यांच्या घरी मागच्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून बसली होती. मग वेबबाईंनी शांतपणे एक नवं पान उघडून बघितलं, आणि सगळा उलगडा झाला.

एकोणीस वर्षांपूर्वी वेबसाइट सुरू झाली तेव्हा त्या इमारतीत भरभर टाइप करू शकणारा एकच माणूस होता. पहिलं पान त्याच्याकडून टाइप करून घेतलं, म्हणून सिस्टीममधलं पहिलं खातं त्याचं. तेव्हापासून जबाबदार व्यक्तीच्या यादीत पहिलं नाव त्याचं होतं, आणि पान चढवताना ते आधीच निवडलेलं असे. खाली दीडशे नावं होती. ती उघडून आपलं नाव शोधायला दहा सेकंद लागले असते. पण विद्यापीठातल्या एकेका विद्वानाने ते दहा सेकंद वाचवले होते. शिवाय जबाबदारीच्या रकान्यात दुसऱ्याचं नाव आयतं येत असेल, तर ते पुसण्याइतका मोठा माणूस कुठल्याच विभागात नव्हता. निवृत्तांचे मेल बंद करण्याची पद्धत नव्हती, कारण ते बंद करण्याला कुणी जबाबदार नव्हतं. वेबबाईंनी धीर करून स्वतःची पानं मोजली. दोनशे चौदा. प्रत्येक वेळी भरलेला रकाना न वाचताच पुढे जात त्यांनी मनाशी म्हटलं होतं की नाव नंतर नीट भरू.

चार वाजता प्राध्यापकांचं पत्र कुलसचिवांकडे पोचलं. त्यात म्हटलं होतं की प्रभारी बाईंनी विद्यापीठाचं काम परस्पर आपल्या सासऱ्यांना दिलं आहे आणि ते गृहस्थ घरबसल्या विद्यापीठ पुसून टाकत आहेत. कुलसचिवांनी वेबबाईंना बोलावून ते वाचायला दिलं. उद्या अकराला बैठक आहे, आणि येण्यापूर्वी घरी विचारून या, एवढंच ते बोलले. रागावले असते तर बरं वाटलं असतं, असं वेबबाईंना वाटलं.

त्या घरी पोचल्या तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. वाटेत त्यांनी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण मनात एकच गोष्ट घोळत होती. आपल्या सासऱ्यांना तेरा वर्षांत पहिल्यांदा कुणी काहीतरी विचारलं होतं, आणि ते चुकून विचारलं होतं, हे आता त्यांना सांगायचं होतं. विभाग स्टोअरला जोडला गेला असता तरी चाललं असतं, पण हे सांगणं नको होतं.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. टेबलावर रेघा मारलेल्या चार जाड वह्या होत्या. एकीत बाबा पट्टी ठेवून समास आखत होते.

"ये," ते म्हणाले. "ऑफिस सुटलंय."

"बाबा, ती पानं तुमच्याकडे चुकून आली."

बाबांनी समास पूर्ण केला. पट्टी बाजूला ठेवली. "ठाऊक आहे," ते म्हणाले.

कधीपासून ठाऊक आहे, असं वेबबाईंनी विचारलं.

"तिसऱ्या दिवसापासून. पहिले दोन दिवस फार बरं वाटलं गं. म्हटलं, उशिरा का होईना, कुणाला तरी आठवण झाली. मग तिसऱ्या दिवशी एक पान आलं, मुलींच्या वसतिगृहातल्या कपडे धुण्याच्या यंत्राच्या वेळापत्रकाचं. दोन वर्षांपूर्वी केलेलं. जबाबदार व्यक्ती मी. तेव्हा कळलं. थोडा वेळ खिडकीत जाऊन बसलो."

तिसऱ्या दिवशी दुपारी आकडा थबकला होता, ते वेबबाईंना आठवलं.

"मग थांबला का नाहीत?"

"पत्र आलं की उत्तर द्यायचं असतं," बाबा म्हणाले. मग दुसरीकडे बघत म्हणाले, "आणि खाली सही तुझी होती. प्रभारी म्हणून. मी चौतीस वर्षं काढलीत त्या इमारतीत. तिथे पत्राला उत्तर कोण देतं ते मला विचार. सगळी पत्रं तशीच पडून राहिली असती, आणि एकविसाव्या दिवशी तू रिकाम्या हाताने उभी राहिली असतीस."

मेलच्या भाषेचं सगळं श्रेय आपण बैठकीत घेतलं होतं, हे आठवून वेबबाईंना त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या म्हणाल्या, निदान मला तरी सांगायचं होतंत.

"खाली लिहिलं होतंस ना, हा संदेश गोपनीय असून त्यावर इतर कुणाशी चर्चा करू नये."

ते वाक्य विद्यापीठाच्या प्रत्येक मेलखाली आपोआप येत असे, अगदी उपाहारगृह दुपारी बंद राहील या मेलखालीसुद्धा. ते वाचून पाळणारा जगात एक माणूस निघेल, असं ते लिहिणाऱ्यालाही वाटलं नसणार. वेबबाईंनी पहिली वही उघडली. प्रत्येक पानाला क्रमांक, विषय, शेवटचा बदल कधीचा, त्यावरचा फोन लागतो की नाही आणि निर्णय. तीन हजार तीनशे अकरा नोंदींपुढे बरोबर खूण होती. शेवटच्या एका नोंदीपुढे 'प्रलंबित' असं लिहिलं होतं. पान वेबसाइट विभागाचं होतं. त्यावर एकच ओळ होती, ती म्हणजे वेबबाईंचं नाव आणि पुढे प्रभारी.

"हे मी ठरवू शकत नाही," बाबा म्हणाले. "घरचा मामला आहे. उद्या कुणी म्हणायला नको."

सासूबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या इतकंच म्हणाल्या की नोकरी नाही म्हणजे सुटले, आणि चहा टाकायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी वेबबाई चारही वह्या पिशवीत घालून बैठकीला गेल्या. प्राध्यापकांनी सुरुवातीलाच आपलं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. ते संपल्यावर वेबबाई उठल्या आणि जे घडलं ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. भाषेच्या परिणामाविषयी आपण जे बोललो होतो ते खोटं होतं, हेही सांगितलं. ज्या दोघांनी ते वहीत उतरवलं होतं त्यांनी ते खोडलं.

"सर," त्या प्राध्यापकांना म्हणाल्या, "तुमची शहाण्णव पानं त्यांच्या नावावर आहेत. ती तुमच्याच खात्यातून चढवलेली आहेत."

प्राध्यापक म्हणाले की यादीत तेच नाव वर होतं.

"सगळ्यांचं तेच म्हणणं आहे. माझंही. माझी दोनशे चौदा आहेत."

कुलसचिवांनी घसा साफ केला आणि आपली किती, असं विचारलं. वेबबाईंनी सांगितलं, एकसष्ट. त्यानंतर आरोपाचा विषय कुणी काढला नाही.

मग असं ठरलं की बाबांनी उतरवलेल्या पानांपैकी कोणतं चुकीने उतरवलंय ते बघायचं. वह्या टेबलावर फिरल्या. दोन तास फिरल्या. अकरा जाणत्या माणसांनी दोन हजार निर्णय चाळले आणि त्यांना त्यात खोट सापडेना. कुलगुरूंचा संदेश वाचून झाल्यावर कुलसचिव बराच वेळ खिडकीबाहेर, त्या गळणाऱ्या इमारतीकडे बघत राहिले. शेवटी ग्रंथपालांना एक नोंद सापडली. तेरा वर्षांपूर्वीच्या एका निरोप समारंभाचं पान होतं ते, एका फोटोसह. निर्णय 'नको', कारण 'कालबाह्य'. फोटोत हार घातलेले बाबा उभे होते आणि त्यांचं तोंड आडव्या भोपळ्यासारखं झालेलं होतं. कुलसचिव म्हणाले, हे तेवढं परत लावा. कुणी हरकत घेतली नाही.

त्यानंतर नव्या सिस्टीमचा निर्णय अकरा मिनिटांत झाला. चौदा महिने जे कुणाला माहीत नव्हतं ते आता वहीत होतं. मुदतीचा एकच दिवस उरला होता; कुणीच उत्तर न दिलेली पानं जमेस धरू नयेत असं आधीच ठरलेलं होतं, आणि ज्यांच्या नावावर ती होती त्या सदस्यांनी या वेळी मौन पाळलं. राहिली चौदाशे ऐंशी जिवंत पानं, ती फक्त सात प्रकारची. एवढ्याला सगळ्यांत लहान सिस्टीम पुरणार होती. प्राध्यापक म्हणाले की त्यांची सिस्टीम चाळीस प्रकारची पानं सांभाळते. कुलसचिव म्हणाले, आपल्याकडे सात आहेत. प्राध्यापकांचा चेहरा असा पडला की वेबबाईंनाही वाईट वाटलं.

नव्या सिस्टीमसाठी नियम वेबबाईंनी स्वतः लिहिले. जबाबदार व्यक्तीच्या यादीत पहिली जागा कोरी राहील आणि प्रत्येकाने विचार करून नाव निवडायचं. पानात कोणताही बदल त्या व्यक्तीच्या मंजुरीशिवाय होणार नाही. प्राध्यापकांनी एक नियम हट्टाने घालायला लावला, की स्वतःविषयीच्या पानाची जबाबदार व्यक्ती स्वतः असता कामा नये. कुलसचिवांनी सांगितलं की बाबांचं नाव मान म्हणून यादीत राहू द्या, अगदी तळाशी असलं तरी चालेल.

महिन्याभराने सगळ्या विभागांनी आपापल्या पानांना नावं निवडली. वेबबाईंनी यादी उघडली. चौदाशे ऐंशी पानांपैकी तेराशे दोन पानांना लोकांनी मुद्दाम तळापर्यंत जाऊन बाबांचं नाव निवडलं होतं. आता याला चूक म्हणायची सोय नव्हती. कुलसचिवांनी बाबांना तसं पत्र पाठवलं, या वेळी कागदावर, शिक्क्यासह. बाबांनी ते दोनदा वाचलं, एका ठिकाणी पेन्सिलने अनुस्वार घातला आणि कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंना रोज एक शर्ट इस्त्री करावा लागू लागला.

वेबबाईंचा ठरावही मंजूर झाला. त्या आता कागदोपत्री वेबसाइट विभागाच्या प्रमुख आहेत. त्यांनी त्याच दिवशी विभागाच्या पानावरचा 'प्रभारी' हा शब्द काढण्यासाठी रीतसर अर्ज केला. त्या पानाची जबाबदार व्यक्ती अर्थातच बाबा. उत्तर दहा मिनिटांत आलं: 'अर्जदार घरातील व्यक्ती असल्याने निर्णय वरिष्ठांकडे सोपवत आहे.' वरिष्ठ म्हणजे कुलसचिव. कुलसचिवांनी तो अर्ज नियमाप्रमाणे जबाबदार व्यक्तीच्या अभिप्रायासाठी परत पाठवला. बाबांनी तो पुन्हा वरिष्ठांकडे पाठवला. आज चार महिने तो अर्ज मागच्या खोलीतून कुलसचिवांकडे आणि कुलसचिवांकडून मागच्या खोलीत असा ये-जा करतो आहे.

सिस्टीमच्या सगळ्या किल्ल्या वेबबाईंच्याच हातात आहेत. मनात आणलं तर दोन बटणांत तो शब्द जाईल. एकदा त्यांनी पान उघडून बोट तिथवर नेलंही होतं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे खिडकीत जाऊन बसलेले बाबा आले आणि त्यांनी पान बंद केलं.

परवा जेवताना सासूबाईंनी सहज विचारलं, तुझ्या त्या बढतीचं काय झालं गं, अजून वेबसाइटवर दिसत नाही ती? वेबबाईंनी बाबांकडे बघितलं. बाबांनी ताटाकडे बघितलं.

"गोपनीय आहे," दोघंही एकदमच म्हणाले.

सासूबाईंनी दोघांच्या ताटात पुन्हा भात वाढला.